काळं दिसणारं यकृत आणि दुसऱ्या डोसचा प्रश्न: रावेर पट्ट्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण रावेर तालुक्यातले केळी उत्पादक, पन्नाशीच्या जवळपासचे. घरात आणि गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरतो. गाव, वय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. हे लिहायला कुटुंबाची संमती आहे. मी जळगावात रेडिओलॉजिस्ट आहे. आप्पांवर उपचार करणारे फिजिशियन भुसावळचे आहेत, आणि या प्रकरणातले बहुतेक निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतले.

आप्पांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. बारा वर्षांचा मधुमेह, त्यासोबत फॅटी लिव्हर, आणि त्यातूनच सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी भरून घट्ट होणं. आपल्याकडे सिरॉसिस म्हटलं की लोक आधी माणसाच्या सवयींकडे बोट दाखवतात. आप्पांनाही ते सोसावं लागलं, आणि त्यामुळे सुरुवातीचं एक वर्ष आजार लपवण्यात गेलं. पोळ्याच्या सुमारास रक्ताची मोठी उलटी झाली. भुसावळला एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावले आणि रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. तरीही हिमोग्लोबिन वर येईना, तेव्हा लोहाचं इंजेक्शन झालं: फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज, आठवड्याच्या अंतराने एकेक ग्रॅमचे दोन डोस. दिवाळीनंतर कावीळ वाढली. पित्तनलिकेत खडा अडकला असावा अशी शंका आल्याने एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, झाली. खडा सापडला नाही.

डिसेंबरच्या शेवटी नात्यातल्या एकाच्या सांगण्यावरून आप्पांना खानदेशाबाहेरच्या एका महानगरातल्या केंद्रात नेलं. तिथे जांघेतल्या धमनीतून नळी घालून यकृताच्या धमनीत पेशी सोडल्या. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: स्टेम सेलपासून तयार केलेल्या यकृतपेशी, १० कोटी, लोहकणांनी खूण केलेल्या. (स्टेम सेल म्हणजे जिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडवता येतात अशी मूळ पेशी.) सहा आठवड्यांनी तिथेच एमआरआय झाला. अहवालात यकृताचं रंगीत चित्र, त्यावर बाण, आणि खाली पेशी यकृतात रुजल्याचं वाक्य. दुसरा डोस लगेच घ्या, असा सल्ला.

अडचण

पहिल्या डोससाठी घरातलं सोनं गहाण पडलं होतं. दुसऱ्यासाठी विहिरीजवळचं दोन एकर शेत विकायचं ठरत होतं. सौद्याआधी आप्पांच्या धाकट्या भावाने आग्रह धरला की कागद एकदा इकडच्या डॉक्टरांना दाखवू. ते आणि आप्पांचा मुलगा फिल्म घेऊन आले. मुलाच्या काकांनी फिल्म प्रकाशाला धरली आणि विचारलं, “डॉक्टर, हे जे कायं दिसून राह्यलं, तेच चांगलं ना?”

कायं म्हणजे काळं. प्रश्न अगदी नेमका होता. लोहामुळे एमआरआयमधला संदेश लवकर विझतो आणि ती जागा काळी पडते. केंद्राने पेशींना लोहाची खूण केली होती, यकृत काळं दिसत होतं, म्हणजे पेशी तिथे आहेत, हा त्यांचा युक्तिवाद. ऐकायला तो सरळ वाटतो. पण काळेपणा लोहाचा असतो, पेशींचा नव्हे. लोह कुठून आलं आणि आता कोणाच्या पोटात आहे, हे काळा रंग सांगत नाही.

दुसरा पुरावा रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा होता. २.४ वरून ते २.९ झालं होतं. अल्ब्युमिन यकृतच तयार करतं, तेव्हा नव्या पेशी कामाला लागल्या असं कुटुंबाला सांगितलं होतं. आप्पांची भूक वाढली होती, पोटातलं पाणीही कमी झालं होतं. घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेला हा फरक खरा होता. तो नाकारून बोलणं सुरू केलं असतं तर पुढचं काही त्यांनी ऐकलंच नसतं, आणि ते योग्यही झालं नसतं.

पेशींचा माग कसा काढतात

शरीरात सोडलेली पेशी कुठे गेली हे पाहायचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला, पेशी सोडण्याआधी तिच्यात खूण भरायची. एमआरआयसाठी लोहाचे सूक्ष्म कण वापरतात. फेरुमॉक्सिटॉल हे अमेरिकेत २००९ मध्ये लोहाच्या कमतरतेवर मंजूर झालेलं औषध. संशोधक तेच पेशींची खूण म्हणूनही वापरतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये इंडियम-१११ हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे २.८ दिवस, त्यामुळे जेमतेम आठवडाभर माग लागतो. झिर्कोनियम-८९ चा अर्धायुकाल ७८ तासांच्या आसपास, म्हणून पेट स्कॅनवर थोडं जास्त दिवस पाहता येतं. या पद्धतीने पहिल्या काही दिवसांत पेशी यकृतात थांबल्या की फुप्फुसात वाहून गेल्या, हे चांगलं कळतं. सिरॉसिसमध्ये पोर्टल शिरेचं, म्हणजे आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या शिरेचं, रक्त आडवाटांनी यकृताला वळसा घालून जातं, म्हणून त्या शिरेतून पेशी सोडायच्या असतील तर हे पाहणं फार गरजेचं असतं.

दुसरा मार्ग रिपोर्टर जनुकाचा. पेशीत असं जनुक घालतात की ती एखादं विकर किंवा आयोडीन आत ओढणारं प्रथिन बनवते. मग ते विकर किंवा प्रथिन ज्याला पकडतं ते द्रव्य टोचलं की फक्त जिवंत पेशी उजळतात. पेशी विभागली तर तिच्या पिल्लांतही जनुक जातं. मेलेली पेशी काही बनवत नाही, म्हणून दिसतही नाही. जगण्याचा पुरावा हवा असेल तर हीच पद्धत खरी. पण त्यासाठी पेशीच्या जनुकांत हात घालावा लागतो, म्हणून माणसांत तिचा वापर फार थोडा झाला आहे.

लोहाच्या खुणेची मोठी मर्यादा यकृतातच सगळ्यात जास्त जाणवते. यकृतात कुप्फर पेशी असतात. रक्तातला कचरा आणि मेलेल्या पेशी गिळणं हे त्यांचं काम. सोडलेली यकृतपेशी मेली की कुप्फर पेशी तिला लोहासकट गिळते. लोह जागच्या जागीच राहतं, चित्र पूर्वीइतकंच काळं दिसतं. मुलाला समजावताना मी त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं: घडाला बांधलेली चिठ्ठी घड सडला तरी जशीच्या तशी लटकत राहते. त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

आकड्यांचा हिशेब

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हा, म्हणून तो सविस्तर मांडतो.

एका पेशीत खुणेचं लोह भरतं ते काही पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). सढळ हाताने २० पिकोग्रॅम धरू. १० कोटी पेशी गुणिले २० पिकोग्रॅम म्हणजे सगळं मिळून २ मिलिग्रॅम लोह. आता दुसरी बाजू पाहा. लोहाच्या इंजेक्शनाचे दोन ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं, तीन पिशव्यांचं ६०० च्या पुढे. हे सगळं यकृतात साठत नाही. बरंचसं मज्जेत नवं रक्त तयार करायला जातं. तरीही त्यातला दहावा हिस्सा यकृत आणि प्लीहेत राहिला असं धरलं, तर तो पेशींबरोबर गेलेल्या लोहाच्या शंभर पटींहून जास्त होतो. एवढ्या काळोखात २ मिलिग्रॅम वेगळे ओळखता येत नाहीत.

दुसरा हिशेब पेशींच्या संख्येचा. प्रौढ माणसाच्या यकृतात शंभर अब्जांहून जास्त यकृतपेशी असतात. १० कोटी म्हणजे त्यांच्या एक हजारांशाहूनही कमी. १९९८ मध्ये क्रिगलर-नज्जर आजाराच्या (रक्तात बिलिरुबिन हे काविळीचं पिवळं द्रव्य साठत जाणारा जन्मजात आजार) दहा वर्षांच्या एका मुलीला दात्याच्या यकृतातून काढलेल्या पेशी दिल्याचं प्रसिद्ध झालं. तिला ७.५ अब्ज पेशी दिल्या होत्या, म्हणजे आप्पांच्या ७५ पट, आणि तिचं शरीर आप्पांच्या मानाने लहान. तिचं बिलिरुबिन उतरलं आणि वर्षभर बरंचसं खाली राहिलं, तरी आजार पूर्ण गेला नाही. तिच्या बाबतीत यश ठरलं ते बिलिरुबिनवरून, चित्रावरून नव्हे.

स्टेम सेलपासून बनवलेल्या यकृतपेशी माणसाला देण्याचं गाजलेलं उदाहरण जपानमधलं आहे. २०१९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय बालआरोग्य केंद्राने युरिया चक्राचा (यकृतात अमोनिया निकामी करणाऱ्या प्रक्रियेचा) जन्मजात दोष असलेल्या सहा दिवसांच्या बाळाला भ्रूणाच्या स्टेम सेलपासून केलेल्या १९ कोटी पेशी दिल्या. हेतू होता बाळ मोठं होईपर्यंत अमोनिया आटोक्यात ठेवण्याचा. बाळाचं वजन पुरेसं वाढल्यावर वडिलांच्या यकृताचा भाग घेऊन प्रत्यारोपण झालं. म्हणजे तिथेही पेशी पूल होत्या, मुक्काम नव्हता. शिवाय त्या बाळाच्या यकृताची रचना शाबूत होती, कमी होती ती एका रासायनिक कामाची. सिरॉसिसमध्ये यकृतात व्रणाच्या भिंती उभ्या असतात आणि रक्ताच्या वाटा बुजलेल्या असतात. तिथे थोड्या पेशी सोडून काम परत मिळेल, ही अपेक्षाच वेगळ्या जातीची आहे.

समोरचे पर्याय

केंद्राच्या अहवालावर विश्वास ठेवून दुसरा डोस घेणं, हा एक पर्याय कुटुंबाच्या मनात होताच.

लगेच जळगावात नवा एमआरआय करावा, असा आग्रह मुलाचा होता. मला तो आधी नको होता. आजचं चित्र कितीही चांगलं काढलं तरी ते आजचंच सांगणार. पेशी जाण्याआधी यकृत कसं होतं हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आधी पैसे खर्च करून मग तुलनेला काही नाही, असं झालं असतं.

बायोप्सीचा विचार आम्ही केला आणि सोडून दिला. आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो याचं माप) १.७, पोटात पाणी. सुई बाहेरून घालणं धोक्याचं. मानेच्या शिरेतून घेता येते, पण सुईच्या टोकाएवढ्या तुकड्यात हजारातली एक पेशी शोधायची, आणि ती आप्पांची नाही हे जनुकीय तपासणीने सिद्ध करायचं. काही सापडलं नाही तर त्यातूनही काहीच ठरलं नसतं. रुग्णाला धोका आणि उत्तर शून्य, अशी तपासणी सुचवायला मन तयार होईना.

मेब्रोफेनिन हे यकृत शोषून घेणारं द्रव्य टोचून केलेला स्कॅन यकृताच्या एकूण कामाचा चांगला अंदाज देतो. पण हजारांशातला फरक त्याच्याही आवाक्यात नाही. इंडियमसारखी खूण आता मागाहून करता येत नाही. ती पेशी सोडण्याआधीच करायची असते.

शेवटचा पर्याय कुटुंबाला सगळ्यात नकोसा होता: पेशींचा विषय बाजूला ठेवून प्रत्यारोपणाच्या तपासणीला जाणं. बिलिरुबिन ३.१, आयएनआर १.७, क्रिएटिनिन १.०. या तिन्हींवरून यकृताचा आजार किती गंभीर आहे हे सांगणारा मेल्ड गुणांक १७ येत होता. १५ च्या वर गेलं की प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवायचं, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

काय केलं

पहिली मागणी केंद्राकडे केली: रंगीत चित्रं नकोत, एमआरआयचा मूळ डेटा द्या. मुलाने चिकाटीने पाठपुरावा केल्यावर सीडी आली. त्यात यकृताबरोबर प्लीहा आणि मणकेही चित्रात आले होते, पण बाण फक्त यकृतावर होता. प्लीहा यकृताइतकीच काळी होती आणि मणक्यांतली मज्जाही काळवंडलेली होती. यकृताच्या धमनीत सोडलेल्या पेशींनी यकृत, प्लीहा आणि मज्जा एकसारखी काळी करावी, याला पटण्यासारखं कारण नाही. रक्त आणि लोहाच्या इंजेक्शनाचं जास्तीचं लोह मात्र नेमकं याच तीन ठिकाणी साठतं.

दुसरी मागणी घरच्यांकडे केली: दिवाळीच्या एमआरसीपीची सीडी शोधा. ती कपाटात खतांच्या पावत्यांखाली सापडली. एमआरसीपी पित्तनलिकेसाठी असते, पण तिच्यासोबत यकृताची इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज चित्रंही काढलेली होती. पहिल्यात पाणी आणि चरबीचे संदेश जुळलेले असतात, दुसऱ्यात एकमेकांविरुद्ध. दीड टेस्ला चुंबकाच्या यंत्रावर आउट-ऑफ-फेज चित्र साधारण २.३ मिलिसेकंदांवर घेतात आणि इन-फेज ४.६ वर. चरबी असेल तर यकृत २.३ च्या चित्रात काळं पडतं. लोह असेल तर उशिराच्या, म्हणजे ४.६ च्या चित्रात. आप्पांचं यकृत ४.६ च्या चित्रात काळं होतं, प्लीहाही. पेशी दिल्या त्याच्या जवळपास दोन महिने आधी.

प्रश्न इथेच सुटला. नवा एमआरआय करायची गरज उरली नाही, आणि तो आम्ही केला नाही.

अल्ब्युमिनचा उलगडा भुसावळच्या फिजिशियननी केला. केंद्राच्या बिलात अल्ब्युमिनच्या बाटल्या होत्या, मुक्कामात रोज एक. बाहेरून दिलेलं अल्ब्युमिन रक्तात काही आठवडे रेंगाळतं. त्याचा अर्धायुकाल तीन आठवड्यांच्या थोडा आतला. त्यांनी नव्याने तपासलं तेव्हा ते २.५ वर उतरलं होतं. बिलिरुबिन आणि आयएनआर बाटलीने सुधारत नाहीत, आणि ते दोन्ही पहिल्यापासून जिथल्या तिथे होते. पोटाचं पाणी उतरलं त्याचंही कारण कागदांतच होतं: तिथे लघवीच्या गोळ्यांचा डोस वाढवला होता आणि मीठ बंद केलं होतं. चांगला उपचार होता तो, आणि त्यानेच आप्पांना बरं वाटलं. हे कुटुंबाला सांगणं सोपं गेलं, कारण त्यांनी पाहिलेला फरक आम्ही खोटा ठरवत नव्हतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा नेहमीचा उपचार म्हणून वापर फक्त रक्तपेशी बनवणाऱ्या स्टेम सेलच्या प्रत्यारोपणात, ठरावीक आजारांसाठीच मान्य आहे. बाकी सगळं संशोधन धरलं जातं. ते मंजूर चाचणीतच करायचं, चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत हवी, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते. मुलाने केंद्राला नोंदणी क्रमांक विचारला. क्रमांक मिळाला नाही, दुसऱ्या डोसवर सवलत मिळाली.

कुटुंबाशी शेवटचं बोलणं आमच्याकडेच झालं. आप्पा स्वतः आले होते. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की या चित्रावरून पेशी आहेत हे सिद्ध होत नाही, आणि त्या नाहीत हेही सिद्ध होत नाही. काही जिवंत असतीलही. पण शेत विकायला जो पुरावा म्हणून दाखवला जातोय, तो पेशींच्या आधीचा आहे. मी दोन्ही सीड्यांची चित्रं शेजारी शेजारी लावली आणि तारखा त्यांनाच वाचायला दिल्या. ते बराच वेळ पाहत राहिले. मग भावाला म्हणाले, “सौदा राहू दे.”

परिणाम

दुसरा डोस झाला नाही. शेत राहिलं. सोनं अजून सुटलेलं नाही आणि केंद्राने पैसे परत केलेले नाहीत.

आप्पा पुण्यात प्रत्यारोपणाच्या तपासणीला गेले, आणि मेंदूमृत दात्याच्या यादीत त्यांचं नाव लागलं आहे. जिवंत दाता म्हणून मुलाची तपासणी झाली. रक्तगट जुळतो, पण त्याच्याही यकृतात चरबी निघाली. वजन उतरवून पुन्हा तपासायचं ठरलं आहे. रोज पहाटे तो निंभोऱ्याच्या रस्त्याने चालायला जातो, असं काका सांगतात. एंडोस्कोपी वेळेवर होते आहे आणि पुन्हा रक्तस्राव झालेला नाही.

एक काळजी मात्र पाठीशी लागली आहे. सिरॉसिसच्या रुग्णात यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीन (या कर्करोगात रक्तात वाढणारं प्रथिन) तपासतात. स्टेम सेलपासून केलेल्या यकृतपेशी बहुधा अपक्व, गर्भावस्थेतल्या पेशींसारख्या असतात आणि हेच प्रथिन सोडतात. कार्डावर लिहिलंय त्याच पेशी खरोखर दिल्या असतील, तर उद्या हा आकडा वाढल्यावर तो कर्करोगाचा की पेशींचा, हा घोळ होईल. न बदललेली एखादी स्टेम सेल सोबत गेली असेल तर गाठ होण्याचाही धोका असतो. म्हणून आम्ही तपासणी दर तीन महिन्यांवर आणली आहे, आणि आकडा वाढला तर थांबून न राहता कॉन्ट्रास्टसह एमआरआय करायचा, हे आधीच लिहून ठेवलं आहे.

वेगळं काय करता येईल

एमआरसीपीच्या अहवालात यकृत आणि प्लीहेतल्या लोहाबद्दल एकही ओळ नव्हती. वाचणाऱ्याला खडा शोधायला सांगितलं होतं आणि त्याने खडा शोधला. लोहाच्या इंजेक्शनाची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. ती ओळ तेव्हा लिहिली गेली असती, तर केंद्राचा दावा तिथल्या तिथे पडला असता. आपल्या भागात रक्तक्षयासाठी लोहाची इंजेक्शनं भरपूर दिली जातात आणि नंदुरबार, धुळ्याच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेलच्या रुग्णांना वारंवार रक्त चढतं. अशा कोणाच्याही यकृतात लोहाची खूण वाचणं अवघड आहे. यकृताच्या एमआरआयच्या अर्जावर रक्त आणि लोहाच्या इंजेक्शनाची तारीख मागितलीच पाहिजे. आमच्याकडे आता मागतो.

पेशी द्यायच्याच असतील, आणि त्या नोंदणी झालेल्या चाचणीत द्यायच्या असतील, तर आधीचा एमआरआय त्याच यंत्रावर, त्याच मापांनी झालेला असला पाहिजे. आधीचं चित्र नाही तर नंतरच्या चित्रावर बाण काढायचा अधिकार नाही, असं मी मानतो. कुटुंबाने फक्त एवढं विचारलं तरी पुष्कळ: आधीचं चित्र दाखवा, नोंदणी क्रमांक द्या, आणि ज्या आकड्यात सुधारणा झाली म्हणता तो बाहेरून दिलेल्या बाटलीने वाढतो का, ते सांगा.

आणि सगळ्यात जास्त खटकतं ते प्रत्यारोपणाचं. पहिल्या रक्तस्रावानंतर त्या दवाखान्यातून आप्पांना कोणीतरी पुण्या-मुंबईला पाठवायला हवं होतं. तो विषयच कोणी काढला नाही, कारण खर्च ऐकून शेतकरी कुटुंब घाबरेल असं गृहीत धरलं गेलं. पोळा ते होळी एवढा काळ त्यात गेला. तेवढ्यात मुलाची तपासणी होऊन त्याच्या यकृतातली चरबी कळली असती आणि एव्हाना ती उतरलीही असती.